बदल्याचा पाया

पाथरी,
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय दत्ता,

सप्रेम जयभीम. 'प्रिय' एवढा एक शब्द लिहिला आणि मी पेन खाली ठेवून चुलीवरचं दूध उतरवायला गेले. पावणेदोन वर्षांत ज्या भावाला एक ओळ लिहिली नाही, त्याला आता एकदम प्रिय कसं म्हणायचं? पण परत येऊन बसले तरी दुसरा शब्द सापडला नाही. म्हणून तोच राहू दिला आहे. तुला खोटा वाटला तर खोडून पुढचं वाच.

माय बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शेळी सोडत नाही. अण्णांचा डावा डोळा जिंतूरच्या डॉक्टरांनी तपासला, मोतीबिंदू पिकल्यावर काढू म्हणाले. दोघं अजून येलदरीला कॉलनीबाहेरच्या त्याच पत्र्याच्या खोलीत आहेत. उन्हाळ्यात तिथं कसं होतं ते तुला माहीतच आहे. कावळ्यानं पत्र्यावर पाय ठेवला तरी अण्णांना जाग येते.

संक्रांतीच्या दिवशी मी तिथंच होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची बातमी रेडिओवर आली आणि सगळी वस्ती रस्त्यावर उतरली. पोरांनी निळे झेंडे सायकलींना बांधून धरणाच्या भिंतीपर्यंत नेले. बायकांनी फेर धरला, मायसुद्धा त्या गुडघ्यांनी दोन फेऱ्या नाचली. अण्णा मात्र दारातच बसून होते. अण्णांचं नाव घेत लोक आले, हार घातला, पेढा दिला. सोळा वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत ज्यांची घरं गेली त्यांतला आता वस्तीवर शिल्लक असलेला सगळ्यांत वडील माणूस तेच. अण्णांनी पेढा हातातच धरून ठेवला आणि मला विचारलं, "दत्त्याला कळलं असंल ना गं?" मी म्हणाले, पनवेलला वर्तमानपत्र येतं, कळलं असेल. "कळलं असंल, पन कोनासंगं बोलला असंल?" एवढं म्हणून ते पेढ्याकडे बघत राहिले. मला त्यांच्यासमोर उभं राहवेना, मी घागर घेऊन नळावर गेले. घागर भरलेलीच होती.

तुला घर जळालं तेव्हाचं किती आठवतं, मी कधी विचारलं नाही. तू अकरा वर्षांचा होतास. मला आठवतं ते असं, की आपण ज्वारीच्या वावरात आडवे पडलो होतो आणि तू सारखा म्हणत होतास, माझी पाटी राहिली, माझी पाटी राहिली. नंतर अण्णांची धरणावरची नोकरी होती म्हणून आपण तिथंच क्वार्टरमध्ये राहिलो. गावातल्या जागेवर फक्त काळा चौथरा उरला. पुढं कितीतरी वर्षं अण्णा रोज पाण्याची पातळी वहीत लिहीत राहिले आणि त्या जागेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले, तेव्हा त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, की मला गावातल्या त्याच जागेवर दगडाचं घर बांधायचं आहे, दोन वर्षांच्या आत, आणि या पैशात ते होत नाही. निम्मे तुझ्याकडं, निम्मे गीतीकडं. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच वाढवा.

तेव्हा मी माझ्या वाट्याची युनिटं घेतली. का घेतली याबद्दल मी पुढं लोकांना पुष्कळ मोठमोठं सांगितलं. खरं म्हणजे आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या नवऱ्याकडे युनिटांचे फॉर्म होते आणि त्यांनी सांगितलेलं मला पटलं. हजारो लोकांचे पैसे एकत्र करायचे, त्यातून पन्नास-साठ कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घ्यायचे, आणि आपल्या पैशाच्या मानानं त्या सगळ्यात आपला वाटा. मी ते अण्णांना शेतीच्या भाषेत सांगितलं होतं, की आपण एक वावर घेत नाही, अख्ख्या शिवारात हिस्सा घेतो. एका बांधावर गारा पडल्या म्हणून शिवार बुडत नाही. अण्णांना ते आवडलं होतं. तू मात्र हसलास. "आक्का, अख्ख्या शिवाराचं पीक येईपर्यंत अण्णाच्या डोळ्याला घर दिसनार हाय का?"

आणि तू तात्यारावांचं नाव काढलंस. परभणीत स्टेशनरोडला कापडदुकानाच्या वर त्यांची ती खोली, दोन फोन, भिंतीला फळा. गंगाखेडच्या तुझ्या ऑफिसातल्या कोणीतरी तुला तिथं नेलं होतं. तू आम्हाला वायदा समजावून सांगत होतास आणि तुझे डोळे चमकत होते. थोडी अनामत भरायची आणि तिच्या कितीतरी पट शेअर घ्यायचे. पंधरवड्याला हिशेब होतो. भाव चढला तर फरक आपला. माल पुढं न्यायचा असेल तर व्याज भरून पुढच्या पंधरवड्यात ढकलायचा, त्यालाच बदला म्हणतात. मी विचारलं, आणि भाव पडला तर? तू म्हणालास, तर फरक आपण भरायचा, लगेच. ते 'लगेच' तू फार भरभर म्हणालास. मग हसून म्हणालास, "नावच बघ ना आक्का. बदला." अण्णा हसले नाहीत. मीही हसले नाही. मग तुझा चेहरा उतरला आणि तू जे बोललास ते मला आजही शब्दान् शब्द आठवतं. "आपल्या वाट्याला समदं हळूच येतं. नोकरी हळू, बढती हळू, नामांतराला तर बारा-तेरा वर्सं झाली, आजून आलंच न्हाई. एक गोष्ट तरी लवकर येऊ दे की घरात."

मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, हा सट्टा आहे. तू म्हणालास, "आसंल. पन तुह्या युनिटात शेअरच हायेत ना? दोन सालात पडले तर तू काय करशील?" याचं उत्तर मला आता सुचलं आहे, आणि तेही सांगणार आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण ते माझ्या बाजूनं तू कधी ऐकलेलं नाहीस. तू कमवायला लागलास. पहिल्या दिवाळीच्या सुटीत तू अण्णांना चष्मा आणलास, मायला नऊवारी आणलीस, माझ्यासाठी मनगटी घड्याळ. मी ते घातलं आणि तुझ्यासमोर छान म्हणाले. पण पाथरीला आल्यावर पेटीत ठेवून दिलं. दर आठवड्याला मी शाळेत वर्तमानपत्र उघडून युनिटांचा भाव बघायची, तो चढायचा, पण मुंगीच्या चालीनं. तुझा घोडा सुटला होता. माघात तू गावात जाऊन पाया खणलास, ट्रॅक्टरनं काळा दगड आणलास, आणि वस्तीतली झाडून सगळी माणसं बघायला आली. त्या दिवशी मायनं माझ्याकडे बघून सहज विचारलं, "गीते, तुहे पैसे कवा पिकायचे गं?" तिच्या मनात काही नव्हतं. पण मला ते असं लागलं, की परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. मी थोरली. शिकून नोकरीला लागलेली घरातली पहिली. लग्न करून वर्षात परत आले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तोंड फिरवलं, तरी अण्णांनी म्हटलं होतं की माझी गीती चार लेकांच्या बरोबरीची आहे. आणि आता माझ्याहून सात वर्षांनी लहान भावानं बापाच्या घराचा पाया घातला होता आणि माझं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. दत्ता, तुला वाईट वाटेल, पण लिहिते. मी तू पडावास अशी इच्छा करू लागले होते. उघडपणे नाही. पूर्ण बुडावास असंही नाही. थोडा पडावास, एवढंच. माणसाला अशा इच्छेचं मोजमाप नीट ठेवता येत नाही.

मग ब्याण्णवचा तो एप्रिल आला. मुंबईत काय घोटाळा निघाला, कुणी काय केलं, ते आपल्याला वर्तमानपत्रातूनच कळलं. भाव कोसळायला लागले. आणि एक मेला, झेंडावंदन होऊन मुलांचे निकाल वाटून झाले होते, आम्ही सगळे शिक्षक व्हरांड्यात सरबत पीत बसलो होतो, तेव्हा तू फाटकातून आत आलास. दाढी वाढलेली, चपलेचा अंगठा तुटलेला, तो तू दोरीनं बांधला होतास. लांबूनच तू मला खूण केलीस, की जरा इकडं ये. मी उठले नाही. मी म्हणाले, जे असेल ते इथंच बोल.

मी तुला बाजूला घ्यायला हवं होतं. शाळेमागं लिंबाचं झाड आहे, तिथं पाच पावलांवर कुणालाही ऐकू आलं नसतं. पण सगळ्यांना ऐकू जावं असंच मला हवं होतं. तू सगळ्यांसमोर खालच्या आवाजात म्हणालास, "आक्का, एकच पंधरवडा. तुही युनिटं मोडून दे. एवढा हिशेब निभावला की भाव वर येतो, तुहे पैसे माघारी देतो." तुझ्या कपाळावर घाम होता. आणि त्याच क्षणी, दत्ता, तुझी ती अवस्था बघताना, माझ्या पोटात पहिली जी गोष्ट हलली तो आनंद होता. काळजी नंतर आली. आधी आनंद आला. गोड, गरम, भूक लागल्यावर भाकरीचा पहिला घास जावा तसा. मी याबद्दल आजवर कुणाशी बोललेले नाही. बोलण्यासारखं ते नाही.

मी पैसे दिले नाहीत हे मी आजही चूक मानत नाही. दिले असते तर तेही गेले असते, भाव पुढं आणखी उतरलेच. पण नाही म्हणायला एक शब्द पुरतो. मी उभी राहिले, वर्गात राहते तशी, आणि मोठ्यानं बोलत गेले. जुगारी म्हणाले. बापाच्या घामाचे पैसे शर्यतीला लावणारा म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, अण्णांचं घर एकदा लोकांनी जाळलं, दुसऱ्यांदा तू जाळलंस. तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या हातात सरबताचा पेला कुणीतरी दिला होता, तो तू कठड्यावर हळूच ठेवलास, सांडू नये म्हणून जपून ठेवलास, आणि गेलास.

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. त्यानंतरचं ठाऊक नाही, आणि तेच सांगायला सगळ्यात जड जातंय. तू फाटकाबाहेर पडल्यावर आमचे हेडमास्तर आबासाहेब माझ्याजवळ आले. नामांतराच्या विरोधात सह्या गोळा करताना यांनी स्टाफरूममध्येच कागद फिरवला होता आणि माझ्यासमोरून तो उचलून पुढच्या टेबलावर ठेवला होता, हे मी तुला एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "शाब्बास बाई. तुम्ही वेगळ्या आहात. नाहीतर तुमच्या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही." सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी हसले. ओशाळून नाही, दत्ता. कौतुक झाल्यावर माणूस हसतो तशी हसले. वर 'थँक्यू सर' म्हणाले. तुझ्या पाठीत मारलेला दगड त्यांनी फूल म्हणून माझ्या हातात दिला आणि मी तो केसांत माळला. त्यांच्या त्या 'तुमच्या लोकां'त तू होतास, अण्णा होते, ज्वारीत आडवी पडलेली आपण सगळी होतो. घरी जाईपर्यंत मला ते समजलंही नाही. समजलं तेव्हा मी तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. आबासाहेब पुढच्या वर्षी निवृत्त झाले, त्यांच्या निरोपसमारंभात मानपत्र मीच वाचलं.

त्या रविवारी येलदरीला जाऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. अभिमानानं सांगितलं, की पैसे वाचवले, त्याला चांगलं सुनावलं. काय सुनावलं तेही सांगितलं. अण्णा भाकरी खात होते. त्यांनी घास ताटात परत ठेवला. "घर कोनी जाळलं ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "नाव घेऊन सांगू शकतो एकेकाचं. त्येत दत्त्या नव्हता." मग ते हात धुऊन बाहेर गेले. त्यानंतर माझ्याशी ते नीट बोलतात, डोळ्यांच्या औषधाचं विचारतात, माझ्या बदलीचं विचारतात. पण 'माझी गीती' म्हणायचे ते आता 'बाई' म्हणतात.

तू नोकरी सोडून पनवेलला गेलास. लोक मला शहाणी म्हणू लागले. पाथरीत आणि वस्तीत, कुणाकडे चार पैसे आले की मला विचारायला यायचे, बाई, कुठं ठेवू? मी शिवाराची तीच गोष्ट सांगायची. आता खरं सांगते. त्या साली माझी युनिटंही पडली. तू विचारलं होतंस ना, दोन सालात पडले तर काय करशील? पडली, आणि मी काही केलं नाही, कारण मला काही करता येत नव्हतं. वर्तमानपत्रातलं ते पान उघडायचंच मी बंद केलं. अण्णांनी ठरवलेली दोन वर्षं तोवर संपत आली होती. तू गेल्यामुळे घराची गोष्टच घरात निघेनाशी झाली, म्हणून माझी युनिटं मोडायची वेळ आली नाही. ठरल्याप्रमाणे त्याच उन्हाळ्यात भिंती उभ्या करायच्या असत्या, तर मीही निम्म्याशिम्म्यावर आले असते. तुझ्या मानगुटीवर पंधरवडा बसला होता, माझ्या मानगुटीवर कुणी नव्हतं. एवढाच आपल्यातला फरक होता. त्याला मी अक्कल म्हणवून घेतलं.

गेल्या वर्षभरात भाव पुन्हा चढले. संक्रांतीनंतर मी ठरवलं की आता युनिटं विकायची आणि अण्णांच्या भिंती उभ्या करायच्या. फॉर्म भरून द्यायला परभणीला गेले तर कुणीतरी तात्यारावांकडेच पाठवलं. सरकारनं डिसेंबरात बदला बंद केल्यापासून ते युनिटंच विकतात. फळा पुसलेला, एक फोन गेलेला. मी आडनाव सांगितल्यावर ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "दत्तरावांच्या भगिनी का? बसा, बसा." चहा मागवला. मग म्हणाले, "त्या साली माझे निम्मे लोक फरक बुडवून पळाले. बड्या घरचे, नावाजलेले. तुमच्या बंधूंनी नोकरीचा राजीनामा देऊन, मिळाले ते पैसे आणून माझ्या टेबलावर ठेवले. राहिले ते तिकडून मनीऑर्डरनं धाडले. मी म्हटलं, अहो सावकाश द्या. तर म्हणाले, आमच्या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही असं कुणी म्हणायला नको." दत्ता, त्यांनी अगदी हेच शब्द सांगितले. तू ते आबासाहेबांच्या तोंडून ऐकलेले नव्हतेस. तुला ऐकावे लागले नाहीत. तू ते जन्मापासून ऐकत आला होतास. मी चहा तसाच ठेवून उठले.

मग मी मायला घेऊन गावातल्या जागेवर गेले. तू घातलेल्या पायात बोरी उगवल्या आहेत, कुणीतरी म्हशी बांधत होतं. पण दगड हललेला नाही. मी म्हणाले, पाया मोठाच घेतला दत्तानं, एवढ्या पैशात चार भिंती तरी कशा होणार, निम्म्यावरच बांधू. मायनं माझ्याकडे असं बघितलं, की तिला काहीतरी बोलायचंय आणि कुणीतरी तोंडावर हात ठेवलाय. मग पदर खोचून ती पायावरून चालायला लागली. "ह्ये माझं आन् अण्णाचं. ह्यो मधला सोपा. ह्ये दत्त्याचं. आन् ह्या कडंच्या दोन खोल्या तुह्या." मला कळेना. माय म्हणाली, "तुही चूल येगळी, दार येगळं. रस्त्याकडून. आक्काला आता खोलीसाठी कोनाच्या दारात उभं ऱ्हायला लावायचं न्हाई, म्हनला. घर झाल्याबिगर तिला सांगू नको म्हनला. आन् मंग तसं झाल्यावर कोन्या तोंडानं सांगावं?"

पाथरीत माझी बदली झाली त्या जूनमध्ये तू माझ्यासोबत खोली शोधत हिंडला होतास. आठवतं? प्रत्येक घरी खोली दाखवायचे, भाडं सांगायचे, सूनबाई पाणी घेऊन यायची. मग आडनाव विचारायचे. मग त्यांना आठवायचं, की खोली पाहुण्यांसाठी ठेवायची आहे. एका ठिकाणी तर पाण्याचा तांब्या अर्ध्यातून आत गेला. शेवटी आडनाव ऐकूनही सुलाबाईंनी त्यांच्या घरामागची ही खोली दिली. तुला परतीच्या गाडीत बसवताना मी हसून म्हणाले होते, मिळाली की नाही शेवटी? तू तेव्हाही हसला नाहीस. तुझ्या डोक्यात तेव्हापासून त्या दोन खोल्या होत्या. त्या लवकर हव्या होत्या. तुला घाई झाली होती ती माझ्यासाठी. आणि मी सगळ्या शाळेसमोर तुला काय म्हणाले?

मी तिथं पायावर बसले. मायनं मला रडू दिलं, जवळ आली नाही. बरं केलं तिनं.

आता हे पत्र आजच का लिहितेय ते सांगते. मंगळवारी तुझं कार्ड आलं. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर बघून आधी मी ते छातीशी धरलं आणि मगच वाचलं. चारच ओळी. गोदामातल्या पगारातून थोडे पैसे साठले आहेत, कुठं ठेवावेत, 'आपण सांगाल त्याप्रमाणे करीन,' आणि खाली 'आपला आज्ञाधारक, दत्ता'. पैशांचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. येत्या एक-दोन वर्षांत जे लागणार आहेत ते यांतल्या कशातही घालू नकोस. वायदा तर नकोच, पण शेअरची युनिटंही नकोत, कारण ज्या दिवशी तुला हवेत त्या दिवशी भाव कुठं असेल ते मला सांगता येत नाही आणि कधीच येत नव्हतं. ते पोस्टात ठेव. जे दहा वर्षं विसरू शकशील तेवढ्याचीच युनिटं घे. यापलीकडे मला काही कळत नाही, आणि हेही पाहिजे तर कुणा जाणत्याला विचारून मगच कर. पण दत्ता, ते 'आपण' वाचून मी कार्ड पालथं ठेवलं. ज्वारीच्या वावरात माझ्या दंडाला धरून पडलेलं पोर मला 'आपण' म्हणतंय, आणि ते मीच करून ठेवलं आहे. गवंडी पुढच्या आठवड्यापासून कामाला लागतोय. पाया आहे तेवढाच घेणार, निम्मा नाही. माझ्या पैशात भिंती जिथवर येतील तिथवर येतील. तुला ये म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही, आणि माफी मागते तीही तू लगेच द्यावीस म्हणून नाही. एवढंच कर. पुढचं कार्ड लिहिशील तेव्हा माझ्याशी भांड, वाट्टेल ते बोल, व्हरांड्यात मी बोलले त्याच्या दुप्पट बोल, पण 'तू' म्हणून बोल.

तुझीच, तू नको म्हणालास तरी तुझीच,
आक्का